वनस्पतींच्या मत्स्यालयातील गोगलगायी : त्या वाढतात कशामुळे आणि आवरायच्या कशा

मत्स्यालयात नवी वनस्पती लावून दोन-तीन आठवडे झाले की एके दिवशी काचेवर मोहरीएवढा तपकिरी ठिपका सरकताना दिसतो. तो चिमटीत धरून बाहेर काढला तरी दोन दिवसांनी त्याच जागी तसेच आणखी तीन दिसतात, आणि महिना उलटेपर्यंत काच, पानांची पाठ, फिल्टरची नळी अशा सगळीकडे बारीक शंख चिकटलेले आढळू लागतात. अशा वेळी बहुतेक जण घाबरून आधी औषध शोधतात. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. टाकीतील गोगलगायींची संख्या ही त्या टाकीत शिल्लक राहणाऱ्या अन्नाची मोजपट्टी असते. अन्न तेवढेच ठेवून गोगलगायी कितीही मारल्या तरी त्या पुन्हा पहिल्याइतक्या होतात. अन्न आवरले तर मात्र बाकीचे उपाय थोड्या श्रमांत लागू पडतात.

गोगलगायी टाकीत येतात त्या बहुतेक वेळा वनस्पतींबरोबर, आणि तेही अंड्यांच्या रूपात. पानाच्या मागच्या बाजूला, देठाच्या बेचक्यात किंवा मुळांच्या जुडीत पारदर्शक, लिबलिबीत असा एक लहानसा पुंजका चिकटलेला असतो. पान ओले असताना तो पाण्याच्या थेंबासारखाच दिसतो, त्यामुळे वनस्पती धुतानाही तो नजरेतून सुटतो. पान दिव्यासमोर तिरके धरले तर त्या आवरणात सुईच्या टोकाएवढे ठिपके दाटीने बसलेले दिसतात. पुंजका लांबट, फुगीर असेल तर तो सहसा ब्लॅडर जातीचा असतो आणि चपटा, बिल्ल्यासारखा गोल असेल तर रॅम्सहॉर्न जातीचा; या दोन्ही जातींची ओळख पुढे येते. हाताशी भिंग असेल तर हा पुंजका आणखी काही दिवसांनी पुन्हा पाहावा. प्रत्येक ठिपक्यात एक अतिसूक्ष्म जीव स्वतःभोवती सावकाश फिरत असतो, आणि तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या पाठीवर शंख आधीच तयार असतो. मत्स्यालयातले पाणी साधारण 24 ते 28 अंश सेल्सिअस असते आणि त्या तापमानात ही अंडी एक ते दोन आठवड्यांत फुटतात. वनस्पती आणल्यानंतर गोगलगायी दिसेपर्यंत जो काळ जातो, तो याच कारणाने.

उपाय जातीप्रमाणे बदलतात, म्हणून आपल्या टाकीत नेमके कोण आहे हे ओळखणे आवश्यक आहे. सर्वांत जास्त आढळते ती ब्लॅडर गोगलगाय, जिचे शास्त्रीय नाव फायसेला अक्युटा असे आहे. तिचा शंख पातळ, अंडाकृती आणि मागे टोकदार असतो, आणि ती जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटरपर्यंत वाढते. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले तर बहुतेक गोगलगायींचे तोंड उजव्या बाजूला उघडते, हिचे मात्र डाव्या बाजूला. ही खूण एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही. तिचे वर्णन 1805 साली फ्रान्समधील गारोन नदीतल्या नमुन्यांवरून झाले, पण तिचे मूळ उत्तर अमेरिकेत असल्याचे आता मानले जाते, आणि आज ती अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांवर पसरलेली आहे. ती कल्ल्यांनी श्वास घेत नाही. पृष्ठभागावर येऊन हवा घेते आणि पुन्हा खाली जाते. पाण्याच्या पृष्ठभागाला खालून चिकटून उलटी चालत असलेली किंवा चिकट धाग्याला धरून पाण्यातून वर चढत असलेली ही गोगलगाय पाहण्यासारखी असते, हे तिला आवरू पाहणाऱ्यानेही मान्य करावे.

रॅम्सहॉर्नचा शंख मेंढ्याच्या शिंगासारखा एकाच पातळीत गुंडाळलेला असतो, म्हणूनच तिला हे नाव मिळाले. तिच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, त्यामुळे ज्यांच्या अंगात काळपट रंगद्रव्य नसते अशा रॅम्सहॉर्न लालचुटुक दिसतात आणि काही जण त्या हौसेने पाळतात. तिसरी जात म्हणजे ट्रम्पेट गोगलगाय, मेलॅनॉइडीस ट्युबरक्युलाटा. तिचे वर्णन त्याहून जुने, 1774 सालचे. लांबट, निमुळता, स्क्रूसारखे वेढे असलेला तिचा शंख जाड असतो आणि तोंडाला घट्ट बसणारी झाकणी असते. ती कल्ल्यांनी श्वास घेते, दिवसभर वाळूत गाडून घेते आणि रात्री बाहेर पडते. त्यामुळे टाकीत चार-पाचच ट्रम्पेट आहेत असे वाटत असताना वाळूखाली त्या शेकड्यांनी असू शकतात. दिवा बंद झाल्यानंतर दोन तासांनी विजेरी घेऊन काचेवर प्रकाश टाकला म्हणजे खरी संख्या कळते.

या तिघींपेक्षा वेगळ्या अशा दोन जातींबद्दल सावध राहावे. लिम्निया कुळातील, तळ्यात राहणाऱ्या मोठ्या गोगलगायी चार-पाच सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात आणि निरोगी पानेही खातात. त्यांचे शंख उजवीकडे उघडतात आणि डोक्यावरच्या स्पर्शिका धाग्यासारख्या नसून रुंद, त्रिकोणी असतात. पाण्याच्या पातळीच्या वर, काचेवर किंवा झाकणाला, गुलाबी दाण्यांचा घोस दिसला तर ती पोमॅशिया कॅनॅलिक्युलाटा किंवा तिची जवळची जात असण्याची शक्यता मोठी असते आणि ती वनस्पतींची टाकी अक्षरशः फस्त करते. घोस पाण्याबाहेरच असल्यामुळे तो खरवडून काढणे मात्र अगदी सोपे असते.

आता या इतक्या वेगाने वाढतात कशा, ते पाहू. ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न या दोन्ही उभयलिंगी आहेत. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, आणि जोडीदार मिळाला नाही तर ती स्वतःचेच बीज वापरून अंडी घालू शकते. म्हणजे टाकीत एकच गोगलगाय आली तरी पुरते. पिल्ले पुरेसे अन्न असेल तर दीड-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालू लागतात. ट्रम्पेटची रीत याहून निराळी आहे. तिच्यात मादी बहुधा नराशिवायच प्रजनन करते आणि अंडी बाहेर न टाकता आपल्या शरीरातील पिशवीत वाढवून तयार पिल्लेच सोडते, त्यामुळे तिची अंडी शोधून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या तिन्ही जातींत एक गोष्ट समान आहे. अंडी किंवा पिल्ले किती होणार हे पोटात जाणाऱ्या अन्नावर ठरते. अन्न भरपूर असेल तर अंड्यांचे पुंजके वारंवार आणि मोठे पडतात. ते कमी झाले की पुंजके विरळ होतात, पिल्ले हळू वाढतात आणि त्यांतली बरीच मोठी होण्याआधीच मरतात.

केवळ पकडून काढण्याने काम का भागत नाही, याचे उत्तर इथेच आहे. समजा टाकीत दोनशे गोगलगायींना पुरेल इतके अन्न रोज तयार होते आणि आपण एका बैठकीत दीडशे काढल्या. उरलेल्या पन्नासांच्या वाट्याला आता पूर्वीच्या चौपट अन्न येते, त्या अधिक अंडी घालतात, पिल्ले झपाट्याने मोठी होतात आणि थोड्या आठवड्यांत गणित पुन्हा दोनशेवर येऊन थांबते. हाताने काढणे व्यर्थ आहे असा याचा अर्थ नाही. आधी अन्न कमी करून मग काढल्या तरच काढलेल्या परत येत नाहीत.

हे अन्न येते कुठून? पहिला आणि सर्वांत मोठा स्रोत म्हणजे माशांना घातलेले जास्तीचे खाद्य. माशांनी न खाल्लेला कण वाळूवर पडतो, दगडांच्या फटीत जातो आणि तिथे रात्रभर गोगलगायींची पंगत चालते. तळाशी राहणाऱ्या माशांसाठी टाकलेली गोळी तर त्यांना विशेष आवडते. दुसरा स्रोत कुजणारी पाने. रोपवाटिकेत अनेक जलवनस्पती मुळे ओली आणि पाने हवेत अशा पद्धतीने वाढवतात. त्या पूर्ण पाण्याखाली लावल्या की हवेत वाढलेली जुनी पाने गळून पाण्याखालची नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरीन या जलवनस्पतीमध्ये तर आठवडाभरात सगळी पाने पारदर्शक होऊन विरघळल्यासारखी होतात. म्हणूनच नव्या टाकीत पहिल्या दोन महिन्यांत गोगलगायींचा लोंढा येतो आणि वनस्पती स्थिरावल्या की तो बराचसा आपोआप ओसरतो. तिसरा स्रोत शेवाळ आणि काचेवर, दगडांवर तयार होणारा जिवाणूंचा बुळबुळीत थर. दिवा गरजेपेक्षा जास्त वेळ जळत असेल तर हा थर आणि त्यावर चरणाऱ्या गोगलगायी दोन्ही वाढतात.

वनस्पती खातात अशी या गोगलगायींविरुद्धची मुख्य तक्रार असते, आणि माझ्या मते त्यांच्यावर होणारा हा सर्वांत मोठा अन्याय आहे. गोगलगायीच्या तोंडात अगदी बारीक दातांच्या ओळी असलेली एक पट्टी असते आणि ती कानशीसारखी घासून पृष्ठभागावरचा मऊ थर ओरबाडते. ब्लॅडर, रॅम्सहॉर्न आणि ट्रम्पेट यांच्या या पट्टीला कुजून मऊ झालेले पान सहज खरवडता येते, पण निरोगी, टणक पान त्या सहसा सोडून देतात. मग पानाला भोक दिसते आणि भोकावर गोगलगाय बसलेली दिसते, ते कसे? अशा वेळी पान नीट निरखावे. भोके जुन्या पानांवर असतील, त्यांची सुरुवात टाचणीएवढ्या तपकिरी किंवा पिवळ्या डागांपासून झाली असेल आणि डागांच्या कडा पिवळसर असतील, तर बहुतेक वेळा ते पोटॅशियमच्या कमतरतेचे लक्षण असते. पानाचा तेवढा भाग आधी मरतो आणि मग गोगलगाय येऊन मेलेला भाग साफ करते. अशा टाकीत गोगलगायी काढून टाकल्या तरी भोके पडतच राहतात, आणि खत योग्य प्रमाणात सुरू केले की नवी पाने धड निघतात. याउलट कोवळी, ताजी पाने कडेने कुरतडलेली दिसली तर लिम्निया किंवा पोमॅशिया शोधावी, नाहीतर टाकीतल्या माशांपैकीच कोणी वनस्पती खाणारा आहे का ते पाहावे.

या गोगलगायींची थोडी संख्या टाकीला उपयोगीही पडते. त्या मेलेली पाने आणि खाद्याचे कण कुजण्याआधी खातात, काचेवरचे शेवाळ खरवडतात, आणि ट्रम्पेट वाळू सतत हलवत राहिल्यामुळे तळाच्या थरात घाण घट्ट बसत नाही. ट्रम्पेट कल्ल्यांनी श्वास घेत असल्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटला की त्या भर दिवसा वाळू सोडून काचेवर वर चढू लागतात. असे दिसले तर गोगलगायींचा विचार बाजूला ठेवून आधी पाणी तपासावे आणि हवेचा पंप लावावा. त्रास म्हणावा तो केव्हा? काच कायम भरलेली दिसू लागते तेव्हा, फिल्टरच्या फिरत्या पंख्यात ट्रम्पेटचे टणक शंख अडकून तो बंद पडतो तेव्हा, किंवा माशांच्या आधी गोगलगायीच खाद्यावर तुटून पडतात तेव्हा. एकही गोगलगाय नको असा हट्ट वनस्पतींच्या टाकीत धरू नये असे माझे मत आहे, कारण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत बहुतेक वेळा मासे आणि वनस्पतींनाच भरावी लागते.

आवरण्याची सुरुवात खाद्यापासून करावी. मासे एक-दोन मिनिटांत पूर्ण संपवतील इतकेच खाद्य एका वेळी घालावे, आणि ते घालताना समोर उभे राहून शेवटचा कण कुठे जातो ते पाहावे. प्रौढ, निरोगी माशांना आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही; पिल्ले आणि आजारी मासे याला अपवाद. तळाच्या माशांची गोळी दिवा बंद होण्याच्या सुमारास टाकावी आणि उरलेली सकाळी काढून घ्यावी.

माझ्या साठ लिटरच्या टाकीत गोगलगायी सर्वांत जास्त झाल्या त्या मी तीन आठवडे बाहेरगावी असताना. खाद्य घालण्याचे काम घरातल्यांकडे होते आणि मासे समोरच्या काचेशी येऊन तोंड हलवतात म्हणून ते बिचारे भुकेले असावेत अशा समजाने त्यांना रोज दोन्ही वेळा मायेने चिमूट चिमूट खाद्य मिळत होते. परत आल्यावर रात्री विजेरीच्या प्रकाशात एकट्या समोरच्या काचेवर मी चौऱ्याहत्तर गोगलगायी मोजल्या. त्या वेळी मी कोणतेही औषध घातले नाही. खाद्य निम्म्यावर आणले, रविवारी उपास ठरवला, कुजलेली पाने काढली आणि दर रविवारी रात्री त्याच वेळी त्याच काचेवरच्या गोगलगायी मोजून वहीत लिहू लागलो. पहिले दोन आठवडे आकडा जवळजवळ हललाच नाही, तिसऱ्या आठवड्यात तर तो थोडा वाढला, कारण आधी घातलेली अंडी फुटत होती. चौथ्या आठवड्यापासून मात्र उतार सुरू झाला आणि सातव्या आठवड्यात त्याच काचेवर बारा उरल्या. खाद्य कमी केल्यावर लगेच फरक दिसत नाही म्हणून पुष्कळ जण याच टप्प्यावर धीर सोडतात आणि औषधाकडे वळतात. त्यांनी निदान दीड-दोन महिने थांबावे, अशी माझी विनंती आहे.

खाद्याबरोबर पानांची देखभालही हवी. पिवळे पडलेले, डागाळलेले किंवा पारदर्शक झालेले पान देठाच्या तळाशी लांब कात्रीने कापून त्याच वेळी बाहेर काढावे. तरंगत ठेवलेले पान म्हणजे गोगलगायींना वाढलेले ताटच होय. पाणी बदलताना सायफनची नळी वाळूत खुपसल्यास मुळे दुखावतात, म्हणून ती वाळूच्या किंचित वर फिरवून फक्त साचलेली घाण ओढून घ्यावी. दिवा दिवसाला सहा ते आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. मेलेला मासा दिसत नसेल तर तो शोधावाच, कारण झुडपाच्या आड पडलेला एक लहान मासाही गोगलगायींना कित्येक दिवस पुरतो.

इतके झाल्यावर हाताने काढण्याचा खरा उपयोग होतो. काकडीची जाडसर चकती किंवा पालकाचे पान एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून मऊ करावे, थंड करून रात्री दिवा बंद झाल्यावर तळाशी ठेवावे, तरंगू नये म्हणून त्यात स्टीलचा काटा खोचावा. सकाळी दिवा लागण्याआधी पाहिले तर चकतीवर आणि तिच्या खालच्या बाजूला गोगलगायी दाटीने बसलेल्या असतात. चकती झटकन न उचलता तिच्याखाली जाळी सरकवून अलगद वर घ्यावी, कारण ब्लॅडर गोगलगायी धक्का लागताच शंख जोराने इकडेतिकडे हलवून निसटतात आणि खाली पडतात. चकती दुसऱ्या दिवशी तिथेच राहिली तर सापळ्याऐवजी ती मेजवानी ठरते, एवढे लक्षात ठेवावे. काचेवरची एखादी गोगलगाय बोटाने दाबून फोडली तर अनेक मासे ती आवडीने खातात, पण एका वेळी दोन-चारच फोडाव्यात. काचेवरचे अंड्यांचे पुंजके जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडून सायफनने ओढून घ्यावेत.

गोगलगायी खाणारा प्राणी आणावा का, हा प्रश्न पुढे येतोच. असॅसिन गोगलगाय, म्हणजे अनेंटोम हेलेना, ही आग्नेय आशियातील पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय इतर गोगलगायी खाते, वनस्पतींना हात लावत नाही आणि लहान टाकीतही राहू शकते. तिच्यात नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि ती सावकाश वाढते, त्यामुळे तिचीच साथ पसरण्याची भीती कमी असते. ती वाळूत शिरत असल्यामुळे ट्रम्पेटवरही चालते. तिचे काम संथ असते, महिने लागतात, आणि शोभेच्या गोगलगायी पाळल्या असतील तर ती त्यांनाही सोडत नाही. लोच जातीचे मासे यापेक्षा झपाट्याने फडशा पाडतात, पण त्यांच्या बाबतीत घाईने निर्णय घेऊ नये. दुकानात बोटाएवढा दिसणारा क्लाऊन लोच पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, पुष्कळ वर्षे जगतो आणि त्याला आपल्या जातीच्या चार-पाच जणांची सोबत लागते. साठ लिटरच्या टाकीत त्याला ठेवणे म्हणजे त्याला आयुष्यभर कोंडून ठेवणे होय. बटू पफर मासा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो आणि गोगलगायी त्याचे आवडते खाद्य असते, पण तो इतर माशांचे पंख कुरतडतो आणि गोगलगायी संपल्यानंतरही त्याला जिवंत किंवा गोठवलेले खाद्य द्यावे लागते. ज्याला तो प्राणी एरवीही सांभाळायचा आहे त्यानेच तो आणावा.

औषधांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण खरे नुकसान इथेच होते. गोगलगायी मारणाऱ्या अनेक औषधांत तांबे असते. आपल्या ओळखीचे मोरचूद हे तांब्याचेच संयुग. गोगलगायी आणि कोळंब्या यांना तांब्याचे जे प्रमाण घातक ठरते त्यात मासे बहुधा तग धरतात, आणि या फरकावरच ही औषधे चालतात. पण हा फरक सर्व टाक्यांत सारखा नसतो. मऊ, आम्ल पाण्यात तांबे अधिक विषारी होते, त्यामुळे तिथे मासेही धोक्यात येतात. शिवाय तांबे वाळू आणि सजावटीच्या वस्तूंना चिकटून राहते, आणि काही महिन्यांनी त्याच टाकीत कोळंब्या सोडल्या तर त्या कारण न कळता मरू शकतात. वनस्पतींच्या खतांत असणारे तांबे मात्र इतके अल्प असते की सांगितलेल्या प्रमाणात वापरल्यास त्याने गोगलगायींना किंवा कोळंब्यांना अपाय होत नाही. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

औषध सौम्य असो वा जहाल, त्याने काम केले तरी पुढे एक धोका उभा राहतो. शेकडो गोगलगायी दोन दिवसांत एकदम मेल्या की त्यांची शरीरे शंखांत कुजतात आणि पाण्यात अमोनिया सुटतो. फिल्टरमधील उपयोगी जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात हे खरे, पण त्या जिवाणूंची संख्या रोजच्या घाणीइतकीच असते. एकाएकी आलेला हा भार त्यांना झेपत नाही. पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. ट्रम्पेटच्या बाबतीत तर मेलेल्या गोगलगायी वाळूच्या आत असतात, दिसत नाहीत आणि काढताही येत नाहीत. गोगलगायींवर औषध घातले आणि तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागले, अशा घटनेत दोष बहुतेक वेळा औषधापेक्षा या कुजण्याचा असतो. तरीही कोणी हा मार्ग घेणारच असेल, तर आधी हाताने जितक्या निघतील तितक्या काढाव्यात, कोळंब्या दुसरीकडे हलवाव्यात, अमोनिया रोज तपासावा आणि बदलण्यासाठी क्लोरीन काढलेले पाणी तयार ठेवावे.

मीठ घालावे असाही सल्ला मिळतो. गोड्या पाण्यातल्या बहुतेक वनस्पती ते सहन करत नाहीत आणि ट्रम्पेट मात्र निमखाऱ्या पाण्यातही जगतात, तेव्हा या उपायाचा विचार सोडून द्यावा. शंख विरघळावेत म्हणून पाणी मुद्दाम आम्ल करणेही तितकेच अयोग्य आहे.

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे गोगलगायी आत येऊच न देणे. निर्जंतुक जेलीत, बंद डबीत वाढवलेल्या ऊतिसंवर्धित वनस्पतींवर गोगलगायी किंवा अंडी नसतात. जेली धुऊन त्या थेट लावता येतात. इतर वनस्पती आणल्यावर कुंडीतला लोकरीसारखा पदार्थ पूर्ण काढून टाकावा, कारण ट्रम्पेटची पिल्ले त्यातच दडलेली असतात, आणि मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. तुरटीचे पाणी वनस्पतींना फारसे जाचक नसते. चार लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून त्यात वनस्पती काही तास ठेवली तर जिवंत गोगलगायी मरतात, परंतु अंडी वाचू शकतात. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी-जांभळ्या पाण्यात दहा मिनिटे बुडवण्याचीही तीच मर्यादा आहे. ब्लीच अधिक प्रभावी आहे, पण ते जपून वापरावे लागते. सुगंध आणि साबण नसलेले साधे घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी एकोणीस भाग असे मिश्रण करून त्यात अ‍ॅन्युबिअस किंवा जावा फर्नसारखी टणक वनस्पती दोन मिनिटांहून जास्त नाही, नाजूक देठाची त्याहून कमी वेळ बुडवावी, मग भरपूर पाण्याने धुऊन क्लोरीन काढणारे द्रव्य घातलेल्या पाण्यात काही वेळ ठेवावी. मॉस, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट यांना ब्लीच सोसत नाही. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, आम्ल किंवा दुसरे कोणतेही सफाईचे द्रव्य कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

घाई नसेल तर मला सर्वांत पसंत असलेली पद्धत वेगळी टाकी ही आहे. एखाद्या पारदर्शक डब्यात क्लोरीन काढलेले पाणी घेऊन त्यावर साधा दिवा लावावा, नवी वनस्पती तीत चार आठवडे ठेवावी आणि दर आठवड्याला पाणी बदलताना दिसतील त्या गोगलगायी आणि पुंजके काढावेत. अंडी दोन आठवड्यांत फुटत असल्यामुळे चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्ले नजरेस पडण्याइतकी मोठी होतात. एकच जाळी आणि चिमटा दोन टाक्यांत वापरत असाल तर मधल्या वेळेत ते पूर्ण वाळू द्यावेत.

काढलेल्या गोगलगायींचे काय करायचे, हेही महत्त्वाचे आहे. त्या गटारात, नाल्यात, तळ्यात किंवा नदीत कधीही टाकू नयेत. पोमॅशिया कॅनॅलिक्युलाटा दक्षिण अमेरिकेतून आशियात पसरली आणि तिथल्या भातशेतीचे तिने मोठे नुकसान केले. जगातील सर्वांत घातक शंभर आक्रमक परक्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे. पाण्यातल्या काही गोगलगायी जनावरांना आणि माणसांना रोग देणाऱ्या परजीवी कृमींच्या वाहक असतात, म्हणून टाकीत हात घातल्यानंतर ते साबणाने धुवावेत. गोगलगायी मारायच्याच असतील तर कागदात गुंडाळून एका दाबासरशी चिरडाव्यात, म्हणजे त्यांना तडफडावे लागत नाही. मग त्या कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात जाऊ द्याव्यात. सायफनचे पाणी दाट कापडातून गाळून झाडांना घालता येते. छाटलेली पाने उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवावीत, म्हणजे त्यांवरची अंडीही सुकतात, आणि त्यात ट्रम्पेट असतील तर एक-दोन दिवसांच्या उन्हावर विसंबू नये, कारण झाकणी लावून घेतलेली ट्रम्पेट कोरड्यातही बरेच दिवस तग धरते आणि पुन्हा ओल मिळताच चालू लागते.